‘इन कॅमेरा’ म्हणजे कॅमेऱ्यासमोर नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मराठी बातम्यांत ‘इन कॅमेरा’ हे शब्द सध्या दोन उलट अर्थांनी छापले जातात. ‘साक्ष इन कॅमेरा नोंदवली’ म्हणजे न्यायालयाचे दार लावून, वार्ताहरांसह सगळ्यांना बाहेर बसवून साक्ष झाली. ‘शवविच्छेदन इन कॅमेरा झाले’ म्हणजे मात्र बहुतेक वेळा त्याचे चित्रीकरण झाले. पहिल्या बातमीत कॅमेरा दाराबाहेर असतो, दुसरीत थेट टेबलाशेजारी. यातला पहिला अर्थ खरा. दुसरा शब्दाच्या तोंडवळ्यावर भाळून निपजलेला आहे.

लॅटिनमध्ये ‘कॅमेरा’ म्हणजे खोली. मुळात तो कमानदार छताच्या दालनाचा शब्द, ग्रीकांकडून आलेला. ‘इन कॅमेरा’ म्हणजे खोलीत, न्यायाधीशांच्या दालनात, लोकांच्या नजरेआड. फोटो काढण्याच्या यंत्राला हे नाव मिळाले ते ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’वरून. त्याचा अर्थ अंधारी खोली, आणि खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ मध्ये तो शब्दप्रयोग केला आहे. अंधाऱ्या खोलीच्या एका भिंतीला बारीक भोक पाडले की बाहेरचे दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे उमटते. ही खोली आक्रसत पेटीएवढी झाली, पेटीत भिंग आणि फिल्म बसली, ‘अंधारी’ हे विशेषण गळून पडले आणि नुसती ‘खोली’ लोकांच्या गळ्यात लटकू लागली. हाच शब्द फ्रेंच वाटेने ‘चेंबर’ झाला. न्यायाधीशांचे चेंबर, व्यापाऱ्यांचे चेंबर ऑफ कॉमर्स आणि रस्त्यातले गटाराचे चेंबर ही सगळी एकाच घरातली. पोर्तुगीज वाटेने तोच हिंदीत ‘कमरा’ झाला. स्पॅनिशमध्ये एका खोलीत राहणारा सोबती तो ‘कामारादा’. फ्रेंच मुक्काम करून तो ‘कॉम्रेड’ बनला. दोन सभागृहांच्या विधिमंडळाला ‘बायकॅमरल’ म्हणतात तेही याच खोलीवरून. उपसंपादकाने एवढे ध्यानात ठेवले तरी भागेल की इन कॅमेरा म्हणजे कमऱ्यात. खरे तर सुनावणीला ‘बंद दाराआड’ आणि शवविच्छेदनाला ‘चित्रीकरणासह’ असे लिहिले, तर दोन्हीकडे परक्या शब्दाचे काम पडत नाही.

घोटाळा एकाच शब्दापुरता असता तर पत्राचा प्रपंच केला नसता. इंग्रजीतल्या लॅटिन वंशाच्या शब्दांची भाषांतरे आपल्याकडे फार वेळा तोंडओळखीवर होतात. चेहरा सारखा, म्हणून अर्थही सारखाच असणार, असे धरले जाते. भावंडांच्या बाबतीत हे धरणे जेवढे धोक्याचे तेवढेच इथेही.

हे समजायला लॅटिन शिकावे लागत नाही, मराठी पुरते. ‘गर्भिणी’ आणि ‘गाभण’ हा एकच शब्द. पहिला संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला, दुसरा प्राकृतातून झिजत आलेला. पण बाई गर्भिणी आणि म्हैस गाभण. अदलाबदल करून पाहावी, काय होते ते लगेच कळेल. ‘पृष्ठ’ पुस्तकाला आणि ‘पाठ’ माणसाला. ‘क्षेत्र’ संशोधनाचे, ‘शेत’ नांगरायचे. ‘स्थान’ कशाचेही असते, ‘ठाणे’ म्हटले की पोलीस आठवतात. इंग्रजीत नेमके हेच झाले आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर झिजलेले लॅटिन शब्द फ्रेंचच्या तोंडून आले. पुढे विद्वानांनी तेच शब्द ग्रंथांतून पुन्हा एकदा, न झिजलेल्या रूपात उचलले. एक भाऊ दरबारात आणि स्वयंपाकघरात वाढला, दुसरा पोथीत. दोघांनी आपापला अर्थ वाटून घेतला.

झिजण्यालाही नियम आहेत आणि ते मराठी माणसाला परके वाटू नयेत. प्राकृतात दोन स्वरांमधले क, ग, ज गळतात, म्हणून ‘राजकुल’चे ‘राऊळ’ झाले. फ्रेंचने लॅटिनचे तेच केले. ‘रेगालिस’मधला ग गळून ‘रॉयल’ झाला, तर पोथीतून ‘रीगल’ आला. ‘लेगालिस’चा झिजून ‘लॉयल’, न झिजता ‘लीगल’. ‘फ्रागिलिस’चा ‘फ्रेल’ आणि ‘फ्रजाइल’. ‘सेकुरुस’मधला क गळून ‘शुअर’, शाबूत राहून ‘सिक्युअर’. (राऊळमधला राजा आणि रॉयलमधला ‘रेक्स’ हे मुळात चुलतभाऊ आहेत, पण तो वेगळा विषय.) आता अर्थ पाहा. लीगल म्हणजे कायदेशीर, लॉयल म्हणजे निष्ठावान. कायद्याने बांधलेला नोकर आणि मनाने बांधलेला नोकर यांत जे अंतर, तेच या दोन शब्दांत. फ्रजाइल पार्सल असते, फ्रेल म्हातारा माणूस. म्हाताऱ्याला ‘ठिसूळ’ म्हणता येत नाही, ‘थकलेला, क्षीण’ म्हणावे लागते. ‘पोशन’ आणि ‘पॉयझन’ दोन्ही ‘पोतिओ’चे, म्हणजे पेयाचे वंशज, एकाने घोट औषधी ठेवला, दुसऱ्याने त्यात विष कालवले.

दुसरा नियम अधिक गमतीचा आहे आणि नुसता उच्चार ऐकून वापरता येतो. लॅटिन शब्दाच्या सुरुवातीच्या ‘का’चा पॅरिसकडच्या फ्रेंचमध्ये ‘च’ झाला आणि तेराव्या शतकाच्या सुमारास त्या ‘च’चा ‘श’ होऊ लागला. उत्तरेकडच्या नॉर्मन बोलीत मूळ ‘क’ टिकून राहिला. त्यामुळे इंग्रजीत एकाच मुळाचे तीन थर सापडतात. ‘कापुत’ म्हणजे डोके. त्यावरून ‘चीफ’ आला तो ‘च’ असतानाच्या काळात; ‘शेफ’ आला तो एकोणिसाव्या शतकात, ‘श’ होऊन गेल्यावर. फ्रेंचमध्ये दोन्ही मिळून एकच शब्द आहे, इंग्रजीने तो दोनदा आयात केला, म्हणून एक खात्याचा प्रमुख झाला आणि दुसरा स्वयंपाकघराचा. मालमत्तेला मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘कापिताले’ म्हणत. त्याचा नॉर्मन उच्चार ‘कॅटल’, म्हणजे गुरेढोरे. पॅरिसचा उच्चार ‘चॅटल’, म्हणजे कायद्यातली जंगम मालमत्ता. आणि पोथीतून आले ते ‘कॅपिटल’, भांडवल. ज्या भाषेत ‘पशुधन’ हा शब्द रोज लिहिला जातो तिच्या वाचकाला गुरे आणि भांडवल यांचे नाते समजावून सांगावे लागू नये.

या एका ‘कापुत’ने बातमीदाराची किती प्रकारे फसगत होऊ शकते पाहा. ‘कॅपिटल’ म्हणजे राजधानी, भांडवल आणि मोठ्या लिपीतले अक्षर. पण ‘कॅपिटल ऑफेन्स’ म्हणजे भांडवली गुन्हा नव्हे, तर ज्याला देहदंड आहे असा गुन्हा. डोके जाण्याशी संबंध. ‘पर कॅपिटा’ला मराठीने ‘दरडोई’ हा शब्द दिला, आणि तो इतका चपखल आहे की ज्याने कोणी तो प्रथम योजला त्याला लॅटिनही कळत होते आणि मराठीही. ‘चॅप्टर’ म्हणजे ‘कापितुलुम’, छोटे डोके, आपला मथळा. मथळ्यातही माथा आहेच. त्याच मथळ्यांवरून ‘कॅपिच्युलेट’ आले. आधी अर्थ होता कराराची कलमे मथळ्यांखाली मांडणे. मग अशी कलमे बहुधा हरणाराच मान्य करतो म्हणून अर्थ झाला शरणागती पत्करणे. ‘रीकॅपिच्युलेट’मध्ये मात्र जुना अर्थ शाबूत, मुद्दे पुन्हा मांडणे. त्याचे भाषांतर ‘पुन्हा शरण गेला’ असे करणारा कोणी निघू नये. आणि ‘हँडकरचीफ’मध्ये जो चीफ आहे तोही डोकेच. ‘करचीफ’ म्हणजे डोके झाकायचे फडके. ते हातात आले तेव्हा डोक्याला कोणी बाहेर काढले नाही.

‘होस्पेस’चे कुटुंबही असेच विखुरले आहे. लॅटिनमध्ये यजमान आणि पाहुणा दोघांनाही हा एकच शब्द होता. त्यावरून पाहुण्यांना उतरायची जागा ती ‘होस्पिताले’. तिची तीन मुले: हॉस्पिटल, हॉस्टेल, हॉटेल. इंग्रजीत रुग्णांचे एक, विद्यार्थ्यांचे दुसरे आणि प्रवाशांचे तिसरे. मराठीने हॉटेलला आणखी एक वळण दिले. आपण हॉटेलात जातो ते झोपायला नव्हे, खायला. आता फ्रान्सची बातमी आली की इथेच पाय घसरतो. पॅरिसचे ‘ओतेल द व्हील’ म्हणजे नगरपालिकेची इमारत. ‘ओतेल-द्यू’ हे रुग्णालय. ‘ओतेल दे झॅंव्हालिद’ चौदाव्या लुईने जखमी सैनिकांसाठी उभारले आणि आज तिथे नेपोलियनची कबर आहे. ‘ओतेल मातिन्याँ’ हे फ्रेंच पंतप्रधानांचे अधिकृत निवासस्थान आणि कार्यालय. पंतप्रधान ‘हॉटेल मातिन्याँमध्ये बैठक घेणार’ असे छापले, तर वाचकाला वाटणार, या गृहस्थांना सरकारी घर नाही काय! फ्रेंच लिखाणात ‘ओ’वर जी छपरासारखी खूण असते, ती गळालेल्या ‘स’ची समाधी आहे, १७४० मध्ये फ्रेंच अकादमीने आपल्या कोशात ती सरसकट घेतली. ती खूण दिसली की तिथे ‘स’ घालून पाहावा. ‘ओपिताल’चे हॉस्पिटल, ‘फोरे’चे फॉरेस्ट लगेच ओळखू येते.

याच घरासमोर ‘होस्तिस’चे घर आहे आणि तिथे वातावरण बरे नाही. होस्तिस म्हणजे आधी परका, मग शत्रू. ‘होस्टाइल विटनेस’ तिथला. त्याला मराठीत ‘फितूर साक्षीदार’ म्हणतात ते उत्तम. इंग्रजीत ‘होस्ट’ एकदा होस्पेसवरून यजमान झाला आणि एकदा होस्तिसवरून सैन्य झाला. ‘अ होस्ट ऑफ प्रॉब्लेम्स’ ही दुसऱ्याची करामत, अडचणींची फौज. तिथे यजमान शोधू नये.

आता खास मराठीची अडचण. रोमन लिपीत जी भावंडे एका अक्षराने ओळखू येतात, ती देवनागरीत जुळी होतात. ‘डिस्क्रीट’ घ्या. इंग्रजीत ते दोन शब्द आहेत, स्पेलिंग वेगळे, उच्चार एक आणि मूळही एकच, ‘दिस्क्रेतुस’, म्हणजे वेगळे काढलेले. एकाचा अर्थ सुटा, विलग. गणितातली विलग चले ती ही. दुसऱ्याचा अर्थ काय बोलावे आणि काय गिळावे हे वेगळे काढता येणारा, म्हणजे जपून वागणारा. ‘डिस्क्रीट चौकशी’ ही गाजावाजा न करता केलेली चौकशी आहे, सुटीसुटी केलेली नव्हे. त्याच मुळाचे ‘डिस्क्रिशन’ प्रशासनात स्वेच्छाधिकार होते.

‘प्रिन्सिपल’चेही तेच. कर्जाच्या कागदात ती मुद्दल, महाविद्यालयात प्राचार्य, भाषणात तत्त्व. पहिली दोन एका स्पेलिंगची, तिसरे दुसऱ्या. मूळ ‘प्रिन्केप्स’, म्हणजे पहिला घेणारा, त्यावरून अग्रणी. ‘प्रिन्सिपल’च्या परतफेडीला ‘तत्त्वाची परतफेड’ म्हणणारे भाषांतर यंत्राकडून सहज होते, कारण यंत्राला ऐकू येते ते एकच.

‘कॉम्प्लिमेंट’ हे सर्वांत कठीण. ‘कोम्प्लेरे’ म्हणजे भरून पुरे करणे. त्यातून एक शब्द सरळ आला, तो पूरकाचा. दुसरा दक्षिण युरोपच्या दरबारी रीतीतून फिरून आला. शिष्टाचार ‘पुरा’ करण्यासाठी बोलायचे गोड शब्द, म्हणून प्रशंसा, आणि त्यावरून ‘कॉम्प्लिमेंटरी’ म्हणजे फुकट दिलेले. कॉम्प्लिमेंटरी पास फुकट, कॉम्प्लिमेंटरी रंग पूरक, कॉम्प्लिमेंटरी उपचार मुख्य उपचारांच्या जोडीने चालणारे. तिसऱ्याला ‘मोफत उपचार’ म्हटले तर दवाखान्यासमोर रांग लागेल. भरीस भर म्हणून ‘सप्लिमेंट’ही त्याच ‘प्लेरे’चे, तोही पूरकच. शालेय गणिताने मात्र इथे हुशारी केली. बेरीज ९० अंश होणाऱ्या जोडीला ‘कोटिकोन’ आणि १८० अंश होणाऱ्या जोडीला ‘पूरक कोन’ अशी दोन नावे देऊन जुळ्यांना वेगळे केले. आणि ‘पूर्ण’ व ‘प्लेनुस’ मुळात एकाच वंशाचे असल्यामुळे ‘पूरक’ हा शब्द नुसता अर्थाने नव्हे, रक्ताने बरोबर आहे.

मूळ एक आणि शेपूट वेगळे, असे शब्द तुलनेने सोपे, कारण शेपूट स्वतः बोलते. ‘क्रेड’ म्हणजे विश्वास; आपली ‘श्रद्धा’ आणि लॅटिन ‘क्रेदो’ हे एकाच जुन्या जोडशब्दाचे दोन अवतार आहेत. शेवटी ‘इबल’ असेल तर अर्थ कर्मणी घ्यावा: क्रेडिबल म्हणजे विश्वास ठेवण्याजोगा. ‘युलस’ असेल तर तो स्वभाव: क्रेड्युलस म्हणजे कशावरही विश्वास ठेवणारा, भाबडा. साक्षीदार क्रेडिबल असला तर खटला टिकतो, क्रेड्युलस असला तर बुडतो. ‘क्रेडिटेबल’ तिसरेच, वाखाणण्याजोगे. नकारातही हाच हिशेब: घटना इन्क्रेडिबल, ती ऐकणारा इन्क्रेड्युलस. ‘ज्युडिशियल’ न्यायालयाचे, ‘ज्युडिशस’ तारतम्याचे. प्रतिजैविकांचा ज्युडिशस वापर म्हणजे जपून केलेला वापर, न्यायालयीन नव्हे. ‘ऑफिशियल’ अधिकृत आणि ‘ऑफिशस’ नको तिथे नाक खुपसणारा. पण राजनैतिक भाषेत फ्रेंच वळणाने हाच ऑफिशस ‘अनौपचारिक’ होतो, त्यामुळे दूतावासाच्या बातमीत लुडबुड्या म्हणण्याची घाई नको.

उपसर्गाने तर एका स्वरात बाजू पालटते. ‘प्रिस्क्राइब्ड’ म्हणजे लिहून ठरवून दिलेले, विहित. ‘प्रोस्क्राइब्ड’ म्हणजे बंदी घातलेले, इ.स.पू. ८२ मध्ये रोममध्ये सुल्ला या सेनापतीने विरोधकांच्या नावांच्या याद्या चव्हाट्यावर लावल्या, यादीत नाव म्हणजे जीव आणि इस्टेट दोन्ही गेले. ‘प्रोस्क्राइब्ड संघटना’ ही ‘विहित संघटना’ म्हणून छापली गेली, तर आपण बंदी असलेल्यांना मान्यता देऊन मोकळे होतो. ‘प्रॉसिक्यूट’ आणि ‘पर्सिक्यूट’ दोघांचे मूळ पाठीमागे जाणे. एकाने कायद्याने पाठपुरावा करायचा, दुसऱ्याने छळायचे. संस्कृतात त्याच मुळाचा चुलतभाऊ ‘सच्’, म्हणजे सोबत असणे, आणि त्यावरून ‘सचिव’. म्हणजे सचिवाचा जवळचा नातेवाईक सरकारी वकील आहे. ‘सेक्रेटरी’ नव्हे, तो ‘सेक्रेटुम’चा, गुपिताचा धनी.

यापुढचा वर्ग सर्वांत निसरडा, कारण तिथे शब्द एकच, स्पेलिंगही एकच, आणि क्षेत्र बदलले की अर्थ बदलतो. सोनोग्राफीच्या अहवालात ‘कॅल्क्युलस’ लिहिलेला असतो आणि रुग्णाच्या मुलाच्या गणिताच्या पुस्तकावरही कॅल्क्युलसच. लॅटिनमध्ये ‘कॅल्क्युलुस’ म्हणजे चुनखडीचा छोटा खडा. हिशेब खड्यांनी मांडत, म्हणून कॅल्क्युलेट. मूत्रपिंडात झाला तो मुतखडा, दातांवर साचले ते टणक कीटण, तेही ‘डेंटल कॅल्क्युलस’. त्याच चुनखडीवरून हंफ्री डेव्हीने १८०८ मध्ये कॅल्शियमला नाव दिले, आणि खडूला इंग्रजीत ‘चॉक’ म्हणतात तेही तिथूनच. इथे एक गैरसमज खोडायला हवा. कॅल्क्युलस आणि कॅल्शियम भावंडे असली तरी प्रत्येक मुतखडा कॅल्शियमचा नसतो; युरिक आम्लाचेही खडे होतात. नावाने फक्त ‘खडा’ एवढेच सांगितले आहे, तो कशाचा ते तपासणीनेच कळते. आरोग्यविषयक सदरात कॅल्क्युलस म्हणजे कॅल्शियम साचणे असे लिहिले, तर रुग्ण स्वतःच्याच बुद्धीने दूध बंद करून बसतो.

‘सेक्युलर’ घ्या. मूळ ‘सेक्युलुम’, म्हणजे युग, पिढी, मोठा कालखंड. फ्रेंचमध्ये त्याचाच ‘सिएक्ल’, शतक. चर्चच्या भाषेत अनंताच्या उलट ‘या काळातले, ऐहिक’, त्यावरून धर्मनिरपेक्ष. पण शेअर बाजाराच्या पानावरचा ‘सेक्युलर ट्रेंड’ म्हणजे दीर्घकालीन कल, आणि खगोलशास्त्रातला सेक्युलर बदल म्हणजे फार सावकाश होणारा. तिथे मूळ अर्थच जिवंत आहे. ‘सेक्युलर तेजी’ला धर्मनिरपेक्ष तेजी म्हणणे विनोदी ठरेल. ऑगस्टसने इ.स.पू. १७ मध्ये रोममध्ये ‘सेक्युलर’ खेळ भरवले, ते तर बळी आणि होमांनी भरलेले धार्मिक उत्सव होते. युग पालटले म्हणून सेक्युलर.

‘व्हर्च्युअल’ला आपण ‘आभासी’ म्हणतो, ते मला पटत नाही. लॅटिन ‘विर’ म्हणजे पुरुष, आपल्या ‘वीर’चा चुलतभाऊ. त्यावरून ‘विर्तुस’, म्हणजे मर्दुमकी, मग अंगची ताकद, मग सद्गुण. ‘व्हर्च्युअल’ म्हणजे नावाने नसले तरी ताकदीने, परिणामाने तेच असलेले. प्रकाशशास्त्रात ‘आभासी प्रतिमा’ चालते, कारण ती पडद्यावर घेता येत नाही. पण पडद्यावर भरलेल्या बैठकीत ठराव खरे होतात, मते खरी पडतात, भांडणेही खरी. तिला ‘दूरस्थ’ किंवा ‘ऑनलाइन’ म्हणावे. आणि ‘व्हर्च्युअली’ हे क्रियाविशेषण आले तर ‘जवळपास’. ‘विजय व्हर्च्युअली निश्चित’ याचे ‘विजय आभासीरीत्या निश्चित’ केले तर उमेदवार रागावेल. ‘व्हायरस’ मात्र या घरातला नाही, दिसतो तसा. तो ‘विरुस’चा, म्हणजे विषाचा, ‘विष’ आणि ‘विरुस’ सख्खे नातलग. म्हणून ‘विषाणू’ हा मराठी शब्द मुळाला धरून आहे.

परदेशी वृत्तसंस्थांचा मजकूर मूळ फ्रेंच-स्पॅनिशमधून इंग्रजीत आणि तिथून मराठीत येतो, तेव्हा धोका दुप्पट. ‘सेन्सिबल’ इंग्रजीत समंजस. फ्रेंच, स्पॅनिश आणि जर्मनमध्ये त्याचेच रूप हळवा, संवेदनशील. ‘अ‍ॅक्च्युअल’ इंग्रजीत प्रत्यक्ष. त्या तिन्ही भाषांत सध्याचा. इंग्रजी ‘इव्हेंच्युअली’ म्हणजे अखेरीस, फ्रेंच ‘एव्हांत्युएलमां’ म्हणजे कदाचित. सैन्य ‘अखेरीस’ मागे घेणार आणि ‘कदाचित’ मागे घेणार यांत केवढा फरक! ‘प्रिझर्व्हेटिव्ह’ इंग्रजीत अन्न टिकवणारे रसायन, फ्रेंच आणि जर्मनमध्ये निरोध. स्पॅनिश माणूस ‘कोन्स्तिपादो’ असेल तर त्याला सर्दी झाली आहे. मूळ अर्थ दाबून भरणे, कोंदणे. इंग्रजीने पोट कोंदवले, स्पॅनिशने नाक. ‘इंज्युरी’ही अशीच. लॅटिन ‘इन्युरिया’ म्हणजे अन्याय, हक्काचा भंग. इंग्रजी बोलीत ती शरीराची इजा झाली, फ्रेंचमध्ये अपमानाची शिवी झाली, आणि कायद्याच्या ‘डॅम्नम सायने इंज्युरिया’त मूळ अर्थ राहिला: नुकसान झाले, पण हक्क मोडला नाही, म्हणून दाद नाही. शेजारी नवे दुकान निघून गिऱ्हाईक तुटले, तर तोटा खरा, इंज्युरी नाही.

पोर्तुगिजांच्या वाटेने तर ही मंडळी मराठीत कधीच येऊन बसली आहेत आणि परकी वाटतही नाहीत. ‘इस्पितळ’ वर आलेल्या ‘होस्पिताले’चेच. ‘चावी’ लॅटिन ‘क्लाविस’ची. तिच्यावरून ‘कॉन्क्लेव्ह’, म्हणजे चावी लावून बंद केलेली खोली. १२६८ ते १२७१ पोपची निवड रखडली, म्हणून पोप दहाव्या ग्रेगरीने १२७४ मध्ये पोप निवडणाऱ्या धर्माधिकाऱ्यांना, म्हणजे कार्डिनलांना, कोंडून घालण्याचा नियमच केला. आज उघड्या दाराच्या, पत्रकारांना आमंत्रण असलेल्या परिषदांना कॉन्क्लेव्ह म्हणतात. ‘पगार’ ‘पाकारे’वरून, म्हणजे शांत करणे; देणेकऱ्याने घेणेकऱ्याला शांत केले की हिशेब मिटला. इंग्रजी ‘पे’ आणि ‘पीस’ही तेच, आणि मॅगेलनला १५२० मध्ये शांत भासलेला पॅसिफिकही.

संपादकीय विभागाला उपयोगी पडेल म्हणून कामाची रीत सांगतो. शब्द लॅटिन वळणाचा वाटला की आधी शेपूट आणि उपसर्ग सोडवावा. बहुतेक जुळी तिथेच वेगळी होतात. मग बातमीचे क्षेत्र पाहावे: न्यायालय, वैद्यक, बाजार, विज्ञान. सामान्य कोशाऐवजी त्या क्षेत्राचा परिभाषा कोश उघडावा. मजकूर मुळात इंग्रजी आहे की दुसऱ्या भाषेतून आला, हे वृत्तसंस्थेच्या दिनांकओळीवरून कळते. पॅरिस किंवा माद्रिद दिसले की ‘सेन्सिबल’, ‘अ‍ॅक्च्युअल’, ‘इव्हेंच्युअली’ यांच्यावर पेन्सिलीने खूण करावी. शेवटी मराठी वाक्य एकट्याने वाचावे, इंग्रजी झाकून. ‘तत्त्वाची परतफेड’ झाकल्याबरोबर खटकते, समोर इंग्रजी असताना खटकत नाही. व्युत्पत्ती मात्र पुरावा म्हणून वापरू नये. ती शब्द कुठून आला ते सांगते, आज कुठे राहतो ते नाही. पत्ता वाक्यालाच विचारावा लागतो. आणि देवनागरीत जुळे होणारे इंग्रजी शब्द छापायचेच असतील, तर पहिल्या उल्लेखाला मराठी शब्द जोडून द्यावा.

कळावे,
एक भाषांतरकार

ता.क. रोमन सैनिकांना पगार मिठाच्या रूपाने मिळे म्हणून ‘सॅलरी’, ही गोष्ट रविवारच्या पुरवण्यांत अधूनमधून उगवते. ‘सालारिउम’ हा शब्द ‘साल’, म्हणजे मीठ, यावरून आला हे खरे, आणि प्लिनी या रोमन लेखकानेही पहिल्या शतकात तसे म्हटले आहे. पण सैनिकांच्या ओंजळीत मीठ मोजून दिले जाई, असे तो कुठेही सांगत नाही. त्यांना नाणी मिळत.